प्रतिसाद नाही

कॉफीच्या दुकानाचं दार त्यानं तिच्यासाठी धरून ठेवलं, एवढंच झालं होतं. सरोवरावरून येणारा वारा दार उलट ढकलत होता. वांडा कुलिकच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात ओले हातमोजे. बाहेर पडणाऱ्या पोलिसानं खांदा लावून दार रोखलं, स्वतःचा कॉफीचा पेला उंच धरला आणि म्हणाला, "या मॅडम, सावकाश. पायाखाली बर्फ आहे." ती म्हणाली, "थँक्यू, बाळा." दार धरणाऱ्या कुणालाही ती असंच म्हणत आली होती. ती आत गेली, रांगेत उभी राहिली, आणि काउंटरवरच्या मुलीनं काय हवं म्हणून विचारलं तेव्हा कुठं तिला तो चेहरा ओळखू आला. तो ब्रेंट मॅडिगन होता. अंगात निळा गणवेश, छातीवर बिल्ला, कमरेला सगळा सरंजाम. लवादानं त्याला कामावर परत घ्यायला लावलंय हे तिनं वर्तमानपत्रात वाचलं होतं, चष्मा पुसून दोनदा वाचलं होतं. पण छापलेला माणूस कागदावरच राहील, गणवेश घालून आपल्या गल्लीत कॉफी प्यायला येणार नाही, अशी काहीतरी खुळी समजूत तिनं करून घेतली असावी. काचेतून तो दिसत होता. गाडीकडे जाता जाता अंगठ्यावर सांडलेली कॉफी चाटत होता. "मॅडम? काय देऊ?" मुलीनं पुन्हा विचारलं. "काळी," वांडा म्हणाली, आणि ती कडू कॉफी घेऊन खिडकीशी बसली तेव्हा तिच्या डोक्यात एकच शब्द फिरत राहिला. बाळा. बाळा म्हणाले मी त्याला.

त्यानं आपल्याला ओळखलं नाही, असं तिला वाटलं. ओळखणार तरी काय. म्हाताऱ्या बायका सगळ्या सारख्याच दिसतात, विशेषतः टोपी कानापर्यंत ओढलेली असली म्हणजे. पण तिला त्याची मान आठवत होती. त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या बोळात तो तिच्याकडे पाठ करून उभा होता, आणि नुकतीच हजामत केलेली त्याची मान लालसर, कोवळी, एखाद्या शाळकरी मुलाची असावी तशी दिसत होती. वांडानं आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. पुढच्या मोठ्या आरशात तिला मुलांचे चेहरे दिसत आणि उतरताना मुलांच्या माना. त्या मानेवर तिनं विश्वास टाकला. हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण विश्वास टाकताना माणूस कुठं बघतो ते त्याचं त्यालाही कुठं कळतं?

समोरच्या दारात अर्नेस्टीन गुडलो राहायची. इस्पितळाच्या धोबीखान्यात जन्म काढलेली बाई. वाफेनं तिच्या हातांची कातडी कायमची गुळगुळीत झाली होती, बोटांच्या ठशांनी उघडणारे नवे फोन तिच्यापुढं हार खायचे. वांडाचा नवरा स्टॅन गेला त्या आठवड्यात ती पाल्याच्या भाजीचं भलंमोठं पातेलं घेऊन दारात उभी राहिली होती. तोवर दोघींचं बोलणं 'लिफ्ट पुन्हा बंद' यापलीकडं गेलेलं नव्हतं. "रडून झालं असेल तर खाऊन घे," ती म्हणाली होती, "आणि झालं नसेल तर आधी खा, मग रड." पुढं रविवारी वांडा बटाट्याचं सारण भरून पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, करायची, तेव्हा अर्नेस्टीन एक तोंडात टाकून डोळे मिटायची आणि म्हणायची, "काय गं, तुमच्या पोलंडात मिठावर बंदी होती का?" "आणि तुमच्याकडे मिरचीवर सूट?" वांडा म्हणायची. अर्नेस्टीनचा रेडिओ सकाळी लागायचा. चर्चमधली गाणी, टाळ्या, मधूनच तिचा स्वतःचा घोगरा सूर. भिंतीतून ते ऐकू आलं की वांडा उठायची. घड्याळ होतं घरात, पण उठायचं ते त्या गाण्यांवर.

एका सकाळी रेडिओ लागलाच नाही. वांडा उठली ती खूप उशिरा, आणि उठल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, काय ते चहा उकळेपर्यंत कळलं नाही. तिनं दार वाजवलं, फोन केला. आत फोन वाजताना बोळात ऐकू येत होता. खाली तळघरात मॅनेजर रूडी होता, त्याच्याकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या होत्या. पण अर्नेस्टीनला रूडीचं घरात डोकावणं मुळीच खपत नसे. "तो माणूस नळ बघायला येतो आणि कपाटं बघून जातो," ती म्हणायची. म्हणून वांडानं पोलिसांना फोन लावला. पोलीस आले म्हणजे काम रीतसर होतं. तिनं आयुष्यभर सगळं रीतसर केलं होतं.

मॅडिगन आला, एकटाच. त्यानं नाव विचारलं, वय विचारलं. "नातेवाईक कुणी?"

"भाचा आहे, क्लिफ्टन. अटलांटाला असतो."

"मग त्याच्याकडे गेल्या असतील."

"मला न सांगता ती कचरा टाकायलाही जात नाही, ऑफिसर."

तो हसला. हसणं वाईट नव्हतं. त्यानं दारावर थाप मारली, "पोलीस!" म्हणून हाक दिली, थोडा थांबला, पुन्हा थाप मारली आणि दाराला कान लावून उभा राहिला. वांडा आपल्या उंबऱ्यात, काठीवर भार टाकून, त्याच्या मानेकडे बघत होती. मग तो सरळ झाला आणि खांद्यावरच्या वायरलेसमध्ये म्हणाला, "प्रतिसाद नाही." तिच्याकडे वळून म्हणाला, "काळजी करू नका मॅडम. मोठी माणसं आहेत, जातात कुठंतरी. येतील." आणि वांडाला हायसं वाटलं. हेच ते. पुढं जे जे झालं त्या सगळ्याखाली हे हायसं वाटणं बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं. गणवेशातल्या माणसानं सांगितलं, काळजी करू नका, आणि तिनं काळजी खाली ठेवली, बाजारातून आणलेली जड पिशवी ठेवावी तशी. ती घरात गेली. तिनं सूप गरम केलं.

दोन-तीन दिवसांनी रूडी गरम पाण्याच्या नळ्या तपासायला किल्ली घेऊन आला आणि आत गेला. न्हाणीघर आणि बाहेरचं दार यांच्यामध्ये, लहानशा बोळात, अर्नेस्टीन पडलेली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर लगेच गेल्या नाहीत. निदान एक दिवस, कदाचित जास्तच. डॉक्टरनं 'कदाचित' हा शब्द फार हळू उच्चारला. त्या हळुवारपणामुळं वांडाला तो आजही ऐकू येतो.

दार न उघडता निघून गेला म्हणून खात्यानं मॅडिगनला काढून टाकलं. पोलीस युनियननं दाद मागितली, प्रकरण लवादापुढं गेलं. सुनावणी महामार्गाच्या कडेला एका हॉटेलच्या दालनात झाली. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं असावं. खुर्च्यांवर सोनेरी खोळी तशाच होत्या आणि गालिच्यात कुठं कुठं चमकी अडकली होती. क्लिफ्टन विमानानं आला होता. उंच, हळू बोलणारा, शाळेत गणित शिकवणारा माणूस. तो वांडाला 'मिस वांडा' म्हणायचा आणि ती बसल्याशिवाय बसायचा नाही. पलीकडे मॅडिगनच्या मागं तीन रांगा भरून पोलीस बसले होते, सगळे साध्या कपड्यांत, सगळ्यांच्या कोटाला युनियनचं तेच बोटाएवढं चिन्ह. मधल्या सुट्टीत एकानं त्याला कॉफी आणून दिली, एकानं पाठीवर हात ठेवला. क्लिफ्टन त्यांच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मावशीच्या अंत्ययात्रेला एवढी माणसं नव्हती."  वांडाला मात्र ती कॉफी ओळखीची होती, पाठीवरचा तो हातही.

ती स्वतः बसचालकांच्या युनियनची प्रतिनिधी होती, केसांचे रंग दोनदा बदलले एवढी वर्षं. तिचा बाप पोलाद कारखान्यात होता. लहानपणी संपाच्या दिवसांत घरात रोज कोबीचं सूप असायचं, आणि बाप म्हणायचा की हे सूप गोड मानून घ्या, कारण ते कुणाची हांजी हांजी करून मिळालेलं नाही. युनियन म्हणजे तिच्या घरात येशूच्या तसबिरीच्या खालची दुसरी तसबीर. यव्हॉन नावाची एक चालक होती. ब्रेक नीट नसलेली गाडी बाहेर काढायला तिनं नकार दिला म्हणून सुपरवायझरनं डूख धरून, भलतंच निमित्त काढून तिला घरी बसवलं होतं. वांडानं रात्रंदिवस करार वाचला. करारात एक कलम होतं: कामगारावर ठपका ठेवायचा तर ठरल्या मुदतीत लेखी नोटीस द्यायची; मुदत टळली तर ठपका टळला. नोटीस उशिरा आलेली होती. वांडानं टेबलावर हात आपटून ते कलम वाचून दाखवलं होतं आणि यव्हॉन दुसऱ्या सोमवारी पुन्हा बसवर बसली होती. त्या संध्याकाळी युनियनच्या हॉलमध्ये वांडाला खांद्यावर घ्यायचेच बाकी राहिले होते लोक. आयुष्यात तिनं केलेली सर्वांत चांगली गोष्ट कोणती असं कुणी विचारलं असतं तर तिनं यव्हॉनचं नाव सांगितलं असतं.

हॉटेलच्या त्या दालनात पोलीस युनियनची वकील, मिस ट्रेनर, चापूनचोपून केस बांधलेली, आवाज न चढवणारी बाई, उभी राहिली आणि तिनं तेच कलम वाचलं. शब्द थोडे वेगळे होते, पण वांडाला ते डोळे मिटूनही ओळखता आले असते. खात्याची नोटीस उशिरा निघाली होती. कुणीतरी आजारी होतं, कुणीतरी रजेवर होतं, कागद टेबलावर पडून राहिला. लवाद हा पांढऱ्या केसांचा, सौम्य माणूस होता. त्यानं चष्मा काढला, पुसला. वांडाला तेव्हाच कळलं की संपलं. क्लिफ्टन पुढं झुकून सगळं टिपून घेत होता, त्याला वाटत होतं की खरं काय झालं ते अजून ठरायचंय. त्याच्या बाहीला हात लावून त्याला सांगावं, थांब रे, आता काही ठरायचं राहिलं नाही, असं तिला वाटलं. पण मग 'तुम्हाला कसं माहीत' असं त्यानं विचारलं असतं.

आणि त्यानंतर मिस ट्रेनरनं साक्षीला वांडालाच बोलावलं होतं. आवाज तोच, खालचा.

"तुम्ही मिसेस गुडलोंच्या जवळच्या मैत्रीण."

"हो."

"ऑफिसर मॅडिगन गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

"घरात गेले."

"आणि?"

"सूप गरम केलं."

"मॅनेजरकडे किल्ली असते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"तुम्ही खाली गेलात? त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"दुसऱ्या दिवशी?"

"नाही."

"का नाही, मिसेस कुलिक?"

"पोलीस म्हणाले ना, काळजी करू नका."

मागच्या रांगांमधून कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.  तीन रांगांमधली ती सगळी माणसं वांडाकडं बघत होती आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, एक प्रकारची आपुलकी होती. जणू म्हणत होती, ये, बस आमच्यात. तूही आमच्यातलीच. "माझं झालं," मिस ट्रेनर म्हणाली.

एकदा, फार पूर्वी, भाजी निवडता निवडता युनियनवरून दोघींची जुंपली होती. वांडा नेहमीसारखी बापाचं ऐकवत होती, युनियन आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडत नाही वगैरे. अर्नेस्टीननं देठ मोडता मोडता म्हटलं होतं, "तेच तर. सोडत नाही आपल्या माणसाला. आता आपला कोण, एवढंच ठरवायचं राहतं." "म्हणजे काय?" "म्हणजे काही नाही. ती सुरी दे इकडं." वांडा तेव्हा रागावली होती. आता दुकानाच्या खिडकीशी तिच्यापुढची कॉफी गार झाली होती, पेल्यावर तवंग धरला होता. गाडी कधीच निघून गेली होती, तिच्या चाकांचे काळे ओले पट्टे तेवढे रस्त्यावर होते आणि त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकणारा ट्रक संथपणे चालला होता.

त्यानंतर तिनं त्या दुकानात जाणं सोडलं. पण शहरात टाळून टाळून किती टाळणार. शिवाय थंडीमुळं ती दोनच रस्त्यांनी चालत असे. पोलिसांची गाडी दिसली की ती दुकानांच्या काचांकडं तोंड फिरवायची आणि काचेतल्या प्रतिबिंबात गाडीत कोण बसलंय ते बघायची. घरी तिनं रेडिओ आणला. सकाळी अर्नेस्टीनचं स्टेशन लावून पाहिलं. गाणी तीच होती, पण स्वतःच्या घरात वाजणारी गाणी तिला झोपेतून उठवेनात. भिंतीपलीकडून यायला हवी होती ती. समोरच्या घरात नवं जोडपं आलं होतं, दोघं दिवसभर कामावर. क्लिफ्टननं शहराच्या प्रशासनावर दिवाणी दावा लावला होता. तो अधूनमधून फोन करून तब्येत विचारायचा, दाव्याचं फार बोलायचा नाही. "पुरावा काय, मिस वांडा," एकदाच तो म्हणाला होता. "त्यानं दार वाजवलं, कुणी ओ दिली नाही, तो गेला. वकील म्हणतात, आत कुणीतरी आहे हे त्याला कळलं होतं असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी."

बर्फ वितळू लागला त्या सुमाराला एका दुपारी जिन्यात मोठा आवाज झाला, लाकूड फुटल्याचा, आणि पाठोपाठ म्हाताऱ्याची किंकाळी. वांडा काठी टेकत तिसऱ्या मजल्यावर उतरली. वार्गोचं दार बिजागरीपासून उखडून आत लोंबत होतं. वार्गो हा हंगेरियन म्हातारा, ठार बहिरा; त्याच्या मुलीचा फोन त्यानं सकाळपासून उचलला नव्हता म्हणून तिनं पोलिसांना कळवलं होतं. म्हातारा टबात होता. आता तो कमरेला टॉवेल धरून, अंगाचा फेस गाळत दारात उभा होता आणि ओरडत होता, "मी मेलेलो नाही! अंघोळ करतोय! अंघोळ करायचीसुद्धा बंदी आहे का या देशात?" खालून धावत आलेला रूडीही ओरडत होता, "किल्ली होती ना माझ्याकडे! किल्ली होती! दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं?" आणि त्या दोघांच्या मध्ये ब्रेंट मॅडिगन उभा होता, खांद्यावर लाकडाचा भुसा, तोंड पांढरंफटक. "सॉरी," तो म्हणत होता. "सॉरी सर. मला वाटलं… सॉरी."

रूडी म्हाताऱ्याला आत घेऊन गेला. मॅडिगन जिन्याच्या पायरीवर बसला, अगदी मधोमध, वांडाची वाट अडवून. त्यानं टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. वांडाला वर जायचं होतं. ती त्याच्या समोर उभी राहिली. आता त्याची मान नव्हे, चेहरा दिसत होता. वयापेक्षा जुना झालेला चेहरा.

"मिसेस कुलिक," तो म्हणाला.

"ओळखलंस तर."

"कॉफीच्या दुकानातच ओळखलं होतं. तुम्ही मला बाळा म्हणालात." त्यानं टोपीच्या आत बघितलं. "मग गाडीत बसून राहिलो बराच वेळ. कॉफी टाकून दिली."

"बाजूला हो. मला वर जायचंय."

तो उठला नाही. "युनियननं सांगितलंय, त्या बाईशी बोलायचं नाही म्हणून."

"मग नको बोलूस."

"मी दोनदा ठोकलं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला वाकावं लागलं. बसच्या इंजिनानं तिचा डावा कान केव्हाच खाल्ला होता. "तुम्ही बघत होता. मी दोनदा ठोकलं, कान लावला. आतून आलं. दोनदाच. टक, टक. वरून नाही, खालून. जमिनीलगत." त्यानं बोटाच्या पेरानं पायरीवर वाजवून दाखवलं. "वाटलं, पाइप असेल. जुन्या इमारतींत वाजतात तसे. म्हणजे… वाटलं नाही. वाटून घेतलं."

वांडानं कठडा धरला.

"दुसरा कॉल होता का?" तिनं विचारलं. तिला का कोण जाणे, होता असं त्यानं म्हणावं असं वाटत होतं. "घाई होती? कुठं जायचं होतं?"

"नाही. काहीच नव्हतं. बोळात कोंदट होतं आणि मला फक्त निघायचं होतं." तो तिच्याकडं बघू लागला. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही."

अर्नेस्टीनच्या हातात बूट सापडला होता. क्लिफ्टननं तिला सांगितलं होतं, मावशीच्या हातात तिचा चर्चला जायचा बूट होता, टाचेचा. सगळे धरून चालले होते की ती बूट घालता घालता पडली. वांडानंही तेच धरलं होतं, आणि त्यात एक प्रकारचं समाधानही मानलं होतं, की बाई कुठंतरी जायला निघाली होती, नटून. न्हाणीघरातून दारापर्यंत ती किती सरपटली असेल, मोडक्या हाडानं. बुटांच्या फळीपर्यंत पोहोचली असेल. बूट ओढला असेल. आणि मग बाहेरून थाप आली, माणसाचा आवाज आला, आणि तिनं बुटाच्या टाचेनं उत्तर दिलं. पुढं काय? तिनं ऐकलं असेल, 'प्रतिसाद नाही'. तिनं 'काळजी करू नका मॅडम' ऐकलं असेल. आणि मग वांडाचं दार लागल्याचं.  वांडाला वाटलं, आता आपण ओरडणार. याच्या तोंडावर काठी मारणार. तोंड उघडलं, आणि त्यातून जो आवाज निघाला तो खालचा, कोरडा, सावध होता, कितीतरी वर्षांत न वापरलेला आणि तरी जरासुद्धा न गंजलेला.

"हे पुन्हा कुणापुढं बोलू नकोस," ती म्हणाली. "एक अक्षर नाही. साहेबापुढं नाही, मित्रापुढं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, आठवत नाही. आणि युनियनचा माणूस शेजारी बसल्याशिवाय तोंडच उघडायचं नाही. कळलं?"

"हो," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, आणि ते काय होतं ते तिला नीट ठाऊक होतं. तिच्या समोर बसलेल्या कितीतरी चालकांच्या चेहऱ्यांवरून तिनं ते उतरताना पाहिलं होतं. त्यानं टोपी घातली, बाजूला झाला, आणि ती पुढं गेल्यावर खाली उतरून गेला.

घरात येऊन ती कोट न काढता बसली. भिंतीपलीकडं कुणी नव्हतं. असं का बोलले मी? दया आली असं म्हणावं तर तशी दया आलेली तिला जाणवली नव्हती. माफ केलं असंही नाही. हात तव्याला लागला की मागं येतो, तसं ते आलं होतं. पण मागं येणारा हात स्वतःला वाचवतो, आणि तिनं कुणाला वाचवलं होतं? तिला बाप आठवला, कोबीच्या सुपाच्या वाफेआड बसलेला. यव्हॉन आठवली. यव्हॉन खरी होती, बापही खरा होता, ब्रेक खरोखरच नादुरुस्त होते. ते सगळं खरं असताना त्यातूनच हे वाक्य आलं होतं. वेगळ्या कुठल्या घाणेरड्या जागेतून आलं असतं तर ते ओळखायला आणि थुंकून टाकायला सोपं गेलं असतं. संध्याकाळ व्हायच्या आत तिनं क्लिफ्टनला फोन लावला आणि जिन्यात तो काय म्हणाला ते सगळं सांगितलं. बुटापाशी येईपर्यंत तिचा आवाज टिकला, मग टिकला नाही.

 क्लिफ्टनच्या मागं शाळेची घंटा झाली, मुलांचा गलका उठला, ओसरला.

"म्हणजे तिनं ओ दिली होती," तो म्हणाला.

"हो."

"हे तुम्ही शपथेवर सांगाल, मिस वांडा?"

"सांगेन."

"तो नाही म्हणेल."

"म्हणेल," वांडा म्हणाली. त्यापुढंही तिला बोलायचं होतं. तिनं श्वासही घेतला. पण क्लिफ्टन रडू लागला होता, अगदी हलक्या आवाजात, आणि मग तिनं ते गिळलं.

दाव्यातली शपथेवरची जबानी वकिलांच्या कचेरीत झाली, वसंत लागल्यावर, लांबलचक टेबलाशी. वांडानं सगळं सांगितलं. निदान मॅडिगन जे म्हणाला ते सगळं. या वेळीही मॅडिगनच्या बाजूनं आलेल्या मिस ट्रेनरनं तिला कानाबद्दल विचारलं, यंत्र लावलं होतं का विचारलं, आणि सुपाबद्दल पुन्हा विचारलं. मग मॅडिगनची पाळी आली. करडा कोट, नवी हजामत. क्लिफ्टनच्या वकिलानं विचारलं, अमुक दिवशी, जिन्यात, मिसेस कुलिक यांच्याशी आपलं बोलणं झालं का, आणि आतून ठोकल्याचा आवाज आपण ऐकला होता असं आपण त्यांना सांगितलं का. मॅडिगननं शेजारी बसलेल्या मिस ट्रेनरकडं पाहिलं. मग समोरच्या पाण्याच्या पेल्याकडं.

"तसं काही आठवत नाही," तो म्हणाला.

'झालं नाही' म्हणाला नाही. आठवत नाही. याला कुणी खोटं ठरवू शकत नाही, याच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. चांगलं उत्तर, वांडाच्या मनात आलं, सगळ्यात आधी तेच आलं. आणि तिची मान एकदा खाली जाऊन वर आली, टेबलापलीकडच्या आपल्या माणसाला शाबास म्हणावं तशी.

बाहेर बोळात क्लिफ्टन तिचा कोट हातावर घेऊन उभा होता. त्यानं वकिलाला पुढं जाऊ दिलं.

"तुम्ही मान हलवलीत," तो म्हणाला. "तो बोलला तेव्हा. मी बघितलं."

"हो."

"का?"

"ते उत्तर मी शिकवलंय त्याला," वांडा म्हणाली. "जिन्यात. तो रडकुंडीला आला होता, कदाचित सगळ्यांना सांगूनही टाकलं असतं त्यानं. मीच म्हटलं, तोंड उघडू नकोस."

 लिफ्ट आली, दार उघडलं, थांबलं, बंद झालं. तिचा कोट क्लिफ्टनच्या हातावर तसाच होता आणि तो तिला द्यावा हे काही त्याला सुचेना.